मधातलं का हाशियातलं

या वर्षी रमजान आन संत्रे पुन्हा एका महिन्यात आले. लेक म्हणे, अब्बा, चांदाचं साल दरसाल दहा-अकरा दिवसानं मांगं सरकते, म्हणून रमजान साऱ्या मोसमातून फिरत फिरत तीस-बत्तीस वर्षानं त्याच जागी येते. मले इतकं गणित येत नाही. मले वास येते. सकाळी गल्लीत ठेला आला, ठेलेवाल्यानं एक संत्रा अंगठ्यानं फोडून दाखवला, आन रोज्यात माह्या तोंडाले पाणी सुटलं. आता तोंडाले पाणी सुटल्यानं रोजा तुटते का, हे इचारायले मी बायकोकडे गेलो. ती म्हणे, "पाणी सुटल्यानं नाही तुटत. पण तुम्ही सकाळपासून तीनदा ठेल्यापाशी जाऊन आले, त्याचं काय ते अल्लाहलेच मालूम."

एक जमाना होता का असे सवाल ती मले इचारे. आन मी जवाब देत जाय. मले जवाब येत नव्हता ही गोष्ट तिले मालूम नव्हती, आन खरं सांगतो, मले बी मालूम नव्हती.

मी दर्जी. पारशिवनीकडल्या खेड्यातला. बापाची मशीन, आज्याची कैची, आन शाळेच्या नावानं भोपळा. दोन महिने मदरशात घातलं होतं. पयलं अक्षर अलिफ सीधा उभा राहे म्हणून मले आवडला, त्याच्या पुढले सारे वाकडे दिसले म्हणून पळून आलो. पाठीचं माप मी नजरेनं सांगतो, पण दुकानाच्या पाटीवर माहंच नाव आहे का दुसऱ्याचं, हे कोणी वाचून दाखवलं तंच समजते. नागपुरात आलो तेव्हा रंगाऱ्यानं ती पाटी उलटी टांगली. आठ दिवस तशीच होती. लोकं पाहून हासत, आन मले वाटे, वा, काय माणसं आहेत या शहराची, सारी खुशमिजाज.

लग्न झालं खाप्याच्या रबियाशी. काज, बटन, तुरपाई सारं तिच्या हातचं. मी कपडा कापे आन मशीन हाणे. त्याले अंगात घालण्यासारखं ती बनवे. पाटी मातर माह्या एकट्याच्या नावाची.

आन माह्यापाशी एक वाक्य होतं. "किताबात लिहून आहे." हे वाक्य मी कुठून उचललं आठवत नाही, पण मले ते भल्लं मानवलं. नवऱ्यानं जेवल्याबिगर बायकोनं जेवू नये, किताबात लिहून आहे. उन्हाळ्यात खिडकीपाशी नवऱ्याची खाट, किताबात लिहून आहे. एकडाव तं मी संत्र्याचं बी सांगून टाकलं, का बायकोनं सोलून, दोरे काढून, बिया काढून नवऱ्याच्या हातात फोड द्यावी. ती बिचारी दोरे काढत बसे. अरबस्तानात संत्रे होतात का नाही, हे मले त्या दिवशीही मालूम नव्हतं आन आजही नाही. गल्लीतल्या माणसायले माहं हे वाक्य लय पसंत. आपल्या घरी अडचण आली का ते मलेच नेत. "मास्टर, आमच्या घरी बी जरा सांगून पाह्य." मी जाय, ओसरीत बसे, शरबत पिये, आन सांगून येय.

मांगच्या खेपेले रमजान आन संत्रे असेच सोबत आले, ते थंडीचे दिवस होते. ईदीच्या कपड्याची गर्दी, गल्लीभर संत्र्याच्या सालीचा वास, आन रोजे लहान लहान. आमच्या घराच्या मांगच्या खोलीत रमजान लागायच्या चार दिवस आधी एक बाई भाड्यानं आली. कामठीची. नवरा वारलेला, लहान पोरीयले पढवे, म्हणून सारे तिले उस्तानी बी म्हणत. तिच्यापाशी सामान थोडं, पण एक कुराण शरीफ होतं, एवढं जाड का मी ते पाहून पयले मनात कपड्याचं ठाणच समजलो. तिनं पान उघडून रबियाले दाखवलं, आन मी दाराआडून पायलं. मधात मोठ्या अक्षरात अरबी. त्याच्या खाली बारीक अक्षरात उर्दू, म्हणजे तर्जुमा, अर्थ सांगणारा. आन पानाच्या चारी कडेनं आखून सोडलेल्या जागेत आणखीन बारीक, मुंगीच्या रांगेसारखं. उस्तानी बी म्हणे, "हा हाशिया. इथं मौलवी लोकांनी आपल्या समजुतीनं लिहिलेलं असते. मधातलं अल्लाहचं. हाशियातलं माणसाचं."

आमच्या गल्लीत कोणी उर्दू बोले, कोणी आपली नागपुरी; मी इथं सगळ्यायले माह्याच बोलीत बोलायले लावून राहिलो, म्हणजे हे लिहून घेणाऱ्या लेकीले तरास नाही.

रबियाले अरबी पढता येत होतं. खाप्याले लहानपणी एका बुढीनं अक्षरं लावून दिली होती, तशी ती धडाधडा पढे, पण मतलब एकाही शब्दाचा नाही. मतलब पुढच्या वर्षी शिकवते असं बुढी म्हणे, आन पुढच्या वर्षी रबियाचं माह्याशी लग्न लागलं. म्हणजे तिथं बी मीच आडवा आलो. त्या सांजेले ती मले म्हणे, "अजी, एक गोष्ट मागू का? कुराण शरीफचे तीस हिस्से, तीस सिपारे. आन तीस रोजे. रोज एक सिपारा उस्तानी बी मतलब सांगून पढवते म्हणतात. जोहरपासून असरपर्यंत, म्हणजे दुपारच्या नमाजीपासून दिवस कलायच्या नमाजीपर्यंत. मी काज सकाळीच करून ठेवीन. इतके वर्ष झाले, अल्लाह मले काहीतरी सांगून राहिला आन मी नुसतं हाव हाव करून राहिली. एकडाव पुरं समजून घेऊ द्या. ईदीच्या आत."

मी मोठ्या दिलानं हाव म्हटलं. मले वाटलं, बरंच आहे, आता माह्या वाक्याले गवाह भेटन.

मंग दुपारी दुपारी बाया येऊ लागल्या. पाच-सहा जणी, डोक्यावर ओढणी, कोणाच्या कडेवर लेकरू. समोरच्या खोलीत त्या बसत, म्हणून मशीन उचलून मले बाहेर ओट्यावर काढलं. थंडीचं ऊन पाठीवर, मशीन पुढं, खिडकी कानापाशी. आत्तापर्यंतच्या जिंदगीत इतकी चांगली जागा मले कोणी दिली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी कपड्याची गोष्ट निघाली. तिथं रोज्यायचंच बयान आहे, आन त्याच आयतीत, म्हणजे किताबीतल्या वाक्यात, म्हटलं आहे का बायका तुमचा लिबास आहेत आन तुम्ही त्यायचा लिबास. मी तं ओट्यावर फुलून गेलो. म्हटलं, पाहा, दर्जीचं काम कुठपर्यंत पोचलं. खिडकीतून मान घालून म्हणालो, "पायलं ना वं, कपड्याचं बी लिहून आहे."

रबियानं आतून इचारलं, "हाव. दोघं बी एकमेकाचा कपडा. मंग आपल्या घरी माप एकाचंच काहून घेतलं जाते?"

बाया हासल्या. मी मान बाहेर घेतली. खिडकीच्या दांडीले टोपी अडकून आतच राहिली, ती एका लेकरानं बाहेर फेकली.

पण मले पाचव्या दिवसाची वाट होती. मशिदीतल्या माणसायनं सांगून ठेवलं होतं, मास्टर, घाबरू नको, पाचव्या सिपाऱ्यात आपली आयत आहे. मर्द औरतांचे हाकिम, म्हणजे हुकूम चालवणारे. एकदा का ते निघालं, मंग बाया आपोआप चूप. त्या दिवशी मी मशीन चालवलीच नाही. नुसता कपडा हातात धरून कान खिडकीले लावला. समोरून आमची शेजारीण इंदूबाई आली. तिच्या घरच्यायनं दीक्षा घेतलेली, आन त्या घरात वंदना ती सांगे, तिचा बुढा मांगून म्हणे. ती ब्लाउजचं माप द्यायले आली आन गल्लीभर आवाजात म्हणते, "काहो मास्टर, मशीन काहून बंद आहे? अन कान काहून लाल होऊन राहिला?"

आतून रबिया म्हणे, "इंदूबाई, ते आमचं ऐकून राहिले. त्यायची आयत आहे आज."

मले सारं मालूमच होतं का त्यायले मालूम आहे असं तोंड करून मी मशीन सुरू केली. घाईघाईत सदर साहेबाच्या कुर्त्याच्या बाहीचं तोंडच शिवून टाकलं. सदर साहेब म्हणजे मशिदीच्या कमिटीचे मुख्य. मोठा माणूस, मोठी बाही, आन हात घालायले रस्ता नाही.

उस्तानी बीनं आयत पढली.  मंग एका बाईनं इचारलं, "हाकिम हे मधातलं का हाशियातलं?" उस्तानी बीनं सांगतलं का मधात जो शब्द आहे तो उभं राहण्यावरून आला आहे, कोणासाठी उभं राहून त्याले सांभाळणं. एका मौलवीनं त्याचं हाकिम केलं, दुसऱ्यानं रखवाला केलं, तिसऱ्यानं जिम्मेदार. "शब्द एक. ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणं शिवला." आन त्याच्यापुढं कारण बी लिहून आहे, का ते आपल्या कमाईतून खर्च करतात म्हणून.

रबियाचा आवाज आला, हळू. "कमाई म्हणजे... काज-बटनाची बी धरायची का यात?"

त्याच आयतीत पुढं एक जड शब्द आहे. हात उचलण्याचा.  त्या शब्दावर आतल्या दोघी जणी काहून चूप होत्या, हे साऱ्या गल्लीले मालूम होतं. उस्तानी बी म्हणे, याचे बी मौलवी लोकांनी कितीतरी अर्थ केले, सारा हाशिया भरून गेला आहे. पण मी तुमाले एक इचारते. ज्यायच्यावर ही किताब उतरली त्यायनं उभ्या जिंदगीत आपल्या कोण्या बायकोवर हात नाही उचलला. किताबीचा मतलब त्यायच्याहून जास्त कोणाले समजला?

 मी कधी हात उचलला नाही, हे खरं आहे. पण त्यात माही शराफत कमी आन तिच्या हातातली कैची जास्त. आन जिभेनं जे केलं ते काही कमी नव्हतं. मी बसल्या बसल्या माहे सारे "लिहून आहे" एकेक करून आठवले. खाट, जेवण, पाय दाबणं, संत्र्याचे दोरे. मधातलं एकही नव्हतं. आन हाशिया तरी कोणाचा, तं ज्याले अलिफच्या पुढं येत नाही त्याचा. त्या दिवसापासून बाया मले हाशिया मास्टर म्हणू लागल्या. आज बी म्हणतात. त्यातल्या एकीची नात परवा रस्त्यात म्हणे, "सलाम, हाशिया नाना." पोरीले वाटते तेच माहं नाव आहे.

लेक इथं थांबून म्हणते, अब्बा, तुम्ही तेव्हाच इतके शहाणे झाले होते तं पुढं तसं काहून केलं? तिचं बरोबर आहे. समजणं एका दिवशी होते, शहाणपण त्याच्या मांगून पायी पायी येते.

कारण अकराव्या रोज्याले सदर साहेब दुकानी आले. एक हात बाहीत अडकलेला, तसेच. म्हणे, "मास्टर, बाही सोड, ते पाहू मांगून. तुह्या घरी काय चालून राहिलं? बाया मतलब काढून राहिल्या. काल माह्या घरी मले इचारलं, हे मधातलं का हाशियातलं. माह्या घरी. हे काम शिकलेल्या आलिम लोकांचं आहे, दर्जीच्या ओसरीतलं नाही. तुह्या घरात तुही चालते ना?"

"चालते म्हणजे, हुजूर, धावते," मी म्हणालो.

"मंग आज बंद कर."

मी कबूल केलं. चार माणसं उभी होती, त्यायच्या पुढं छाती काढून कबूल केलं. रोजा खोलायच्या टायमाले खजूर तोंडात टाकला आन रबियाले म्हटलं, "उद्यापासून तुमचं ते बंद. किताबात लिहून आहे."

ती संत्रा सोलून राहिली होती. तिनं तो अर्धा सोललेला खाली ठेवला. मले वाटलं भांडन. भांडली असती तं बरं झालं असतं, भांडणात मी तयार आहो. ती म्हणे, "असन तं बंद करीन. अल्लाहनं खरंच म्हटलं असन का बाईनं समजून घेऊ नये, तं माहं काही म्हणणं नाही. फक्त पान दाखवा. मधातलं. दाखवलं का मी उस्तानी बीले सांगून किताब झाकून ठेवते." आन तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले बी नाहीत. तेव्हा मी घाबरलो. ती खोटं बोलून राहिली नव्हती. मी कोणतंही पान पुढं केलं असतं, तं ती खरंच चूप बसली असती, जनमभर. माह्या एका खोट्या बोटावर तिचं सारं होतं.

दुसऱ्या दिवशी जोहर झाली. बाया आल्या, पण किताब कपड्यात बांधूनच ठेवली होती. मी पान शोधायले निघालो. सोबत टेप गळ्यात तसाच, जसं काही पानाचं माप घ्यायचं होतं.

पयले गेलो सदर साहेबाकडे. म्हटलं, हुजूर, पान सांगा. ते म्हणे, पान काय इचारतो, आहे ते आहे, हाफिज साहेबाले इचार. हाफिज साहेब म्हणजे आमच्या मशिदीचे इमाम. सत्तरीतले, पांढरी दाढी, सारं कुराण शरीफ पाठ. नऊ वर्षाचे होते तेव्हा पाठ केलं, आन तेव्हापासून दर रमजानात पुरं सुनावतात, एक जेर-जबर, म्हणजे काना-मात्रा, चुकत नाही. ते मशिदीच्या अंगणात उन्हात बसून त्या दिवसाचा सिपारा घोकून राहिले होते. पुढं मांगं, पुढं मांगं, पाळण्यासारखे डोलत. मी जाऊन बसलो. सारं सांगतलं. म्हटलं, "हाफिज साहेब, तुमाले तं तीसही सिपारे पाठ. बाईनं मतलब समजून घेऊ नये, हे कोणत्या पानावर आहे तेवढं सांगा. मी बोट ठेवतो, बाकी घरी पाहून घेतो."

त्यायचं डोलणं थांबलं. त्यायनं टोपी काढून हातात घेतली. म्हणे, "बशीर, तुले एक गोष्ट सांगतो, कमिटीत नको सांगशीन."

"नाही सांगत," म्हटलं. तीस वर्ष नाही सांगतली. आता हाफिज साहेब राहिले नाहीत, आन त्यायनंच मांगून साऱ्या गल्लीपुढं सांगून टाकली, म्हणून लिहून देतो.

"मले पाठ सारं आहे गा. मतलब नाही मालूम. आमाले मतलब शिकवलाच नाही, फक्त घोकवलं. मी डाकवाल्यासारखा आहो. साठ वर्ष झाले चिठ्ठी घरोघरी पोचवून राहिलो, खोलून कधी पायली नाही. मंग मी तुले कसं सांगू, तिच्यात काय नाही लिहिलं?"

मी अनपढ माणूस, पण त्या वेळेले मले वाटलं का या अंगणात आम्ही दोघं एका वर्गात बसलो आहो, आन तो बी शेवटच्या रांगेत. मी उठू लागलो. ते म्हणे, "थांब. दुपारी त्या बाया सांगतात, ते ओट्यावर ऐकू येते का?"

"साफ," म्हटलं. "फक्त मशीन बंद ठेवा लागते."

"मंग चाल. एखादी बोरी असन, पोतं असन, तं टाकून दे मले."

घरी आलो तं साऱ्या जणी माह्या तोंडाकडे पाहून राहिल्या. रबियानं उभं राहून इचारलं, "भेटलं पान?"

"पान नाही भेटलं," मी म्हटलं. "हाफिज साहेब भेटले."

आन मांगून काठी टेकत ते आलेच. खिडकीच्या बाहेर, ओट्यावर, संत्र्याच्या खाली बोरीवर बसले. म्हणजे संत्र्याची खाली झालेली बोरी. माह्या घरी दुसरी नव्हती. त्या बोरीत दोन सुकलेले संत्रे राहून गेले होते. ते त्यायच्या खाली आले, पण हाफिज साहेबानं तक्रार केली नाही. आतून गाठ सोडल्याचा आवाज आला. किताब उघडली.

सदर साहेब दोन दिवसानं गल्लीत आले, मले झाडायले. पायतात तं काय, हाफिज साहेब माह्या मशीनच्या बाजूले, डोळे मिटून. जे तोंड बोलायले उघडलं होतं, त्यातून इतकंच निघालं, "मी बाहीचं इचारायले आलो होतो." बाही म्या अजून उसवलीच नव्हती. 

मंग जे दिवस गेले त्यायचं काय सांगू. आत उस्तानी बी एखादी आयत शोधे, पान सापडत नसे, तं बाहेरून हाफिज साहेब ती पाठ म्हणून देत, मांगची पुढची सारी. आतून मतलब बाहेर येय, बाहेरून अरबी आत जाय, आन मधात माही खिडकी. मी दोन्हीकडून ऐकून दोन्हीकडून बुद्धूच राहिलो, पण मजा तीन जणाची मीच घेतली. ईदीचे कपडे मांगं पडत चालले. गिऱ्हाईक ओरडे, मी बोट ओठावर ठेवून हाफिज साहेबाकडे दाखवे, गिऱ्हाईक टोपी नीट करून उकिडवं बसे. असे माह्या ओट्यावर दुपारी दुपारी चार-पाच माणसं जमू लागली, जेवढ्या आत बाया तेवढेच बाहेर आम्ही.

बाविसाव्या सिपाऱ्याचा दिवस तं मले आजही साफ आठवते. उस्तानी बीनं पयले गोष्ट सांगतली का नबी साहेबाच्या घरातल्या एका बीबीनं इचारलं होतं, किताबात मर्दायचंच नाव येते, आमचं काहून नाही? आन त्याचा जवाब म्हणून ही आयत आली. मंग तिनं पढली. ईमानवाले मर्द आन ईमानवाल्या औरता, खरं बोलणारे मर्द आन खरं बोलणाऱ्या औरता, सबर करणारे आन सबर करणाऱ्या, रोजा ठेवणारे आन रोजा ठेवणाऱ्या. एकेक जोडी. साऱ्यायले एकच मोबदला. आतल्या बाया जोडी आली का एक बोट दुमडत. दोन्ही हाताची बोटं सरली.

बाहेर हाफिज साहेब तीच आयत ओठातल्या ओठात म्हणून राहिले होते, त्यायच्या त्या डोलण्यासकट. डोलता डोलता थांबले. मले म्हणे, "बशीर, ही आयत म्हणायले लय गोड लागते. दरवेळेस जोडीनं येते, झुल्यासारखी. मी आजवर समजत होतो, ते तालासाठी आहे." आन हासू लागले. हासता हासता दाढी ओली झाली. मले समजेना पाणी देऊ का रुमाल देऊ. रोजा होता म्हणून रुमाल दिला. तो बी सदर साहेबाच्या कुर्त्याचा उरलेला तुकडा.

रबियाचा आवाज आतून आला, "हाफिज साहेब, हे मधातलं आहे."

"मधातलंच आहे बेटी," ते म्हणे. "मी साक्ष आहो."

आता या वयात मी संत्रे सोलतो. दोरे काढतो, बिया काढतो, फोडी बशीत लावून तिच्यापुढं ठेवतो. फार चांगलं जमते असं नाही. निम्म्या फोडी फुटतात, त्या मी खातो, आन मले कधी कधी वाटते, फोडायचं कारण बी तेच असन. ती चष्मा लावून पढत बसते. तिच्या पुढं आता मोहल्ल्यातल्या वीस-पंचवीस पोरी बसतात. पाटीवर लेकीनं तिचं नाव बी टाकून घेतलं, माह्या बाजूले. कोणतं तिचं, कोणतं माहं, मले मालूम नाही. मी दोन्हीकडे पाहून खुश होतो.

पण त्या वर्षी शेवटी शेवटी सगळ्यायचा जीव टांगला होता. चांद एकोणतिसाव्या रोज्यालेच निघाला तं तीस पुरे होतीन कसे? म्हणून एकोणतिसाव्या दिवशी दोन सिपारे घ्यायचे ठरले. आन रबिया म्हणे, शेवटचा मतलब मी सांगणार. महिनाभरात ती उर्दू अक्षरं लावू लागली होती, बोट ठेवून, अडखळत. उस्तानी बीनं किताब तिच्याकडे सरकवली.

त्या दुपारी मी ओट्यावर बसून घामाघूम झालो, थंडीत. ती एकेक ओळ लावे. एखाद्या शब्दापाशी थांबली का बाहेर आम्ही सारे श्वास धरून बसत, एका माणसानं तं, ज्याच्या घरी मी "लिहून आहे" सांगून आलो होतो त्यानं, हळूच म्हटलं, "होईन, होईन." ती पुढं सरकली. लहान लहान सूरे, म्हणजे अध्याय, दोन दोन ओळीचे, आन शेवटचा बी झाला.  मंग एक लेकरू रडलं, आन साऱ्या बाया एकदम बोलू लागल्या, कोणी रबियाले गळ्याशी धरलं, कोणी उस्तानी बीले, ती म्हणे अगं मले श्वास घेऊ द्या. मी खिडकीतून पायलं. ती किताबीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या लग्नातही पायलं नव्हतं, आन लग्नात तं मी समोरच होतो.

हाफिज साहेब काठी घेऊन उठले. मले वाटलं असरची वेळ झाली, जातात. ते खिडकीपाशी गेले, आन साऱ्या गल्लीले ऐकू येईन असं बोलले. "बेटी, कुराण शरीफ खतम झालं का लगेच पयल्यापासून लावायचं असते, आपला दस्तूर आहे. मी बाराव्या दिवशी आलो. सुरुवातीचं राहून गेलं. ती पयली अलहम्द मी रोज म्हणतो, हर नमाजीत, सत्तर वर्षात किती झाली असन. तिचा मतलब मले नाही मालूम. सांगशीन?"

 रबियानं मले इचारलं नाही, उस्तानी बीले इचारलं नाही. पयलं पान उघडलं, बोट ठेवलं, आन सांगू लागली. हळू. सारी तारीफ त्याची, जो साऱ्या दुनियेचा पाळणारा. मेहरबान. रहम करणारा. हाफिज साहेब खिडकीचा गज धरून ऐकत होते, आन मधात म्हणे, "थांब बेटी, हे पुन्हा एकडाव." तिनं पुन्हा सांगतलं. सात ओळी आहेत. त्या दिवशी त्या सरता सरल्या नाहीत.

असर होऊन चालली होती आन मशिदीत इमाम नव्हता, म्हणून सदर साहेब त्यायले बोलवायले आले. तावातावानं गल्लीच्या तोंडापासून निघाले, ओट्यापाशी येऊन थांबले, आतला आवाज ऐकला, आन चपला काढून खाली बसले.